राख कुठे पडेल: जमिनीवरचा स्फोट, जमिनीखालचा स्फोट आणि मधला वारा

सर, तुमच्या बारावीच्या वर्गातून आलेले दोन प्रश्न तुम्ही मला पाठवलेत. जमिनीवर अणुस्फोट झाला तर किरणोत्सारी धूळ कुठे आणि किती पडेल हे आधी सांगता येतं का? आणि स्फोट पोखरणसारखा जमिनीखाली असेल तर धुळीचा प्रश्नच मिटतो ना? हवेत सुटलेली वस्तू कुठे जाऊन पडते याची गणितं करण्यात माझी नोकरीची तीसेक वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: कोणत्या दिशेला आणि साधारण किती वेळाने, हे बऱ्यापैकी सांगता येतं. अमुक गावात नेमकी किती, हे सांगणं फार कठीण. एखाद्या ठिकाणचा आकडा दुपटी-तिपटीच्या आत आला तरी आम्ही अंदाज चांगला मानतो. दुसऱ्याचं उत्तर: नाही, मिटत नाही. खोली पुरेशी असली तरी खडक दगा देऊ शकतो.

आधी राख म्हणजे काय ते पाहू. स्फोटाचा अग्निगोल जमिनीला टेकला की हजारो टन माती आणि खडक वितळतात, काहींची वाफ होते, आणि हे सगळं वर ओढलं जातं. अग्निगोल निवू लागतो तसे विखंडनातून, म्हणजे जड अणू फुटून, जन्मलेले अणू या वितळलेल्या थेंबांत शिरतात, उशिरा आलेले थेंबांच्या पृष्ठभागावर बसतात. थेंब गोठून काचेचे मणी होतात. फॉलआउट म्हणजे हे मणी. हिरोशिमाचा स्फोट सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला, अग्निगोल जमिनीला टेकला नाही. तिथे काळा पाऊस पडला हे खरं, पण जमिनीवरच्या स्फोटानंतर पडते तशी जड राख पडली नाही. किरणोत्सारी अणू दोन्हीकडे तेवढेच जन्मतात. मातीचं ओझं मिळालं तर ते काही तासांत खाली येतात. नाही मिळालं तर महिनोन्‌महिने वर राहून जगभर पातळ पसरतात, आणि तोवर त्यांचा बराच किरणोत्सार विरलेला असतो.

आता कण किती वेगाने पडतात ते बघा. बारीक मिठाच्या दाण्याएवढा, ३०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.३ मिलिमीटरचा, कण सेकंदाला साधारण दोन मीटर खाली येतो. १०० मायक्रॉनचा अर्ध्या मीटरहून थोडा जास्त. २० मायक्रॉनचा जेमतेम तीन सेंटिमीटर. सगळं भाकीत या उतरण्याच्या काळावर उभं आहे, कारण तेवढा वेळ कण वाऱ्याच्या ताब्यात असतो. आणि वारा एक नसतो, थरांचा असतो.

मुलांना हे समजवायला मी नेहमी सांताक्रूझच्या फुग्याचं उदाहरण देतो. मुंबईच्या वेधशाळेतून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वेधयंत्र बांधलेला फुगा सोडतात. तो मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो. जुलैत खालच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये मोसमी वारा त्याला घाटाकडे नेतो. त्यावर वारा मंदावतो, मग फिरतो, आणि बारा ते सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात फुगा पूर्वेकडून पश्चिमेला धावणाऱ्या जेट प्रवाहात सापडतो. घाटाकडे निघालेला फुगा अरबी समुद्राकडे परततो. खाली छत्री उलटी करणारा वारा आणि डोक्यावर पंधरा किलोमीटरवरचा वारा, दोघांची तोंडं विरुद्ध.

अशा दिवशी १२ किलोमीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा कण सोडला असं समजा. सेकंदाला ०.६ मीटर धरलं तर तो साडेपाच तास हवेत राहील. वरच्या सहा किलोमीटरमध्ये पूर्वेचा वारा सरासरी सेकंदाला ८ मीटर धरा: कण ८० किलोमीटर पश्चिमेला गेला. खालच्या सहामध्ये पश्चिमेचा वारा १० मीटर धरा: तो १०० किलोमीटर पूर्वेला आला. साडेपाच तासांचा प्रवास करून तो पडला कुठे, तर निघाला तिथून फक्त २० किलोमीटरवर. आता ३०० मायक्रॉनचा कण त्याच उंचीवरून सोडा. तो दीड-पावणेदोन तासांत खाली येईल, आणि त्याच दिशेला, पण आणखी जवळ. कारण दोन्ही थरांत त्याने घालवलेला वेळ सारख्याच प्रमाणात कमी झाला.

सगळ्या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. वारा वेळेनुसार बदलत नाही असं धरलं, तर एका उंचीवरून सुटलेले सगळे कण, लहान-मोठे, जमिनीवर एकाच रेषेत पडतात. उंची दिशा ठरवते, आकार अंतर ठरवतो. म्हणून नकाशा काढायची जुनी हातपद्धत सोपी होती: प्रत्येक दीड-दोन किलोमीटरच्या थराचा वारा बाणाने काढायचा, बाण एकापुढे एक जोडून साखळी करायची, आणि आरंभबिंदूपासून साखळीच्या प्रत्येक सांध्याला रेषा ओढायची. प्रत्येक रेषा म्हणजे त्या उंचीवरच्या राखेची दिशा. ढगाचा सर्वांत जास्त किरणोत्सार ज्या उंचीवर असेल तिची रेषा म्हणजे ‘हॉट लाइन’. मी हे काम पट्टी, कोनमापक आणि ट्रेसिंग पेपरवर शिकलो. आज संगणक हेच लाखो कणांसाठी करतो, शिवाय तासागणिक बदलणारा वारा धरतो. पण कागदावर साखळी काढलेली नसेल तर संगणकाचा नकाशा कुठे फसवतोय हे कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

फसगत कशी होते ते पाहायला १ मार्च १९५४ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर झालेल्या अमेरिकेच्या ‘ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीकडे जावं लागतं. अपेक्षा सुमारे ६ मेगाटनची होती (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीची ताकद, किलोटन म्हणजे हजार टनांची), निघाले १५. ढग ४० किलोमीटरच्या आसपास चढला. प्रवाळाचा खडक भाजून चुन्याची पांढरी भुकटी झाली आणि तीच राख म्हणून पडली. पूर्वेला दीडशे किलोमीटरहून लांब असलेल्या रोंगेलॅप बेटावर ती चार ते सहा तासांनी पोचली. मुलं तिच्यात खेळली. घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर असलेल्या ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरचे २३ जण तिच्यात न्हाले, आणि नौकेचे रेडिओचालक आयकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेले.

‘स्फोट अपेक्षेपेक्षा मोठा झाला म्हणून असं घडलं’ हे स्पष्टीकरण आजही सर्रास दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आदल्या मध्यरात्रीच्या हवामान बैठकीत सहा किलोमीटरच्या आसपासचा वारा रोंगेलॅपकडे वळतोय हे समोर होतं, तरी स्फोट ठरल्या वेळी झाला. दुसरं, अशा अवाढव्य स्फोटाची राख जवळपास किती पडते याचा अनुभवच हाताशी नव्हता. १९५२च्या ‘माइक’ या आधीच्या हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाची राख बरीचशी समुद्रात गेली, मोजमापात आली नाही. जे मोजलं नाही ते घडलं नाही असं धरून पुढचा अंदाज बांधला गेला. शक्ती चुकली की नुसती राख वाढत नाही, हेही लक्षात घ्या. ढग वेगळ्या उंचीला जातो, वेगळ्या वाऱ्यांत शिरतो, म्हणजे नकाशाची दिशासुद्धा बदलते.

आणि मग वेळ. रोंगेलॅपवरचे ६४ आणि शेजारच्या आयलिंगिनेवरचे १८ जण ३ मार्चला हलवले गेले, स्फोटानंतर जवळजवळ ५० तासांनी. इथे तुमच्या मुलांना करता येईल असं एक गणित आहे. मिश्र विखंडन द्रव्याचा किरणोत्सार काळाच्या उणे १.२ घाताने उतरतो. तोंडी हिशोब असा: काळ सातपट, तीव्रता दहावा भाग. पहिल्या तासाला १०० असेल तर सातव्या तासाला १०, ४९व्या तासाला १, आणि साधारण दोन आठवड्यांनी ०.१. आता पाचव्या तासापासून ५०व्या तासापर्यंत अंगावर साचलेली किरणोत्साराची मात्रा काढा, आणि पाचव्यापासून बाराव्यापर्यंतची काढा. दुसरी पहिलीच्या सुमारे ४४ टक्के येते. म्हणजे त्या माणसांना त्याच दिवशी संध्याकाळी हलवलं असतं तर बाहेरून अंगावर आलेला किरणोत्सार निम्म्याहून कमी झाला असता. हे गणित मी पहिल्यांदा केलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. भाकीत चुकलं होतं, मान्य. पण राख पडायला लागल्यावर भाकिताची गरजच नव्हती, बोट पाठवायची गरज होती.

या सातपटीच्या नियमाबद्दल दोन सावधगिरी. तास स्फोटापासून मोजायचे, राख आपल्यापर्यंत पोचल्यापासून नव्हे. आणि राख पडणं पूर्ण थांबल्यावरच तो लागू होतो. अजून पडत असेल तर किरणोत्सार मोजणारा मीटर उतरायच्या ऐवजी चढतो आणि माणसं गोंधळतात. मातीतल्या सोडियमसारख्या मूलद्रव्यांना न्यूट्रॉन लागून ती किरणोत्सारी झाली, किंवा ब्राव्होसारख्या स्फोटात युरेनियम २३७ आणि नेप्च्युनियम २३९ भरपूर तयार झालं, तर वक्र थोडा हलतो. जपानी रसायनशास्त्रज्ञांना नौकेवरच्या राखेत युरेनियम २३७ सापडलं, आणि बॉम्बच्या रचनेचं जे गुपित जपलं होतं त्याचा धागा त्या पांढऱ्या भुकटीतूनच जगाच्या हाती लागला.

आता एक गोष्ट, जी साध्या नकाशांत दिसत नाही. राखेचा प्रत्येक कण सारख्या मिश्रणाचा नसतो. झिर्कोनियम, सीरियम यांसारखी द्रव्यं फार उच्च तापमानाला गोठतात, म्हणून ती मोठ्या थेंबांच्या पोटात अडकतात आणि जवळ पडतात. सीझियम १३७ची गोष्ट वेगळी. त्याचा बाप, म्हणजे ज्या अणूपासून ते तयार होतं तो, झेनॉन १३७, जो वायू आहे आणि ज्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ) चार मिनिटांहून थोडं कमी. स्ट्रॉन्शियम ९०चा आजोबा क्रिप्टॉन ९०, तोही वायू, अर्धायुष्य अर्धं मिनिट. ही द्रव्यं प्रत्यक्ष जन्मतात तोवर मोठे मणी गोठून खाली निघालेले असतात. उरलेल्या बारीक कणांवर ती बसतात आणि लांब जातात. आयोडिनही असंच भटकं. त्यामुळे स्फोटाजवळ मीटर जास्त आकडा दाखवेल, पण दूरच्या गावात आकडा कमी असूनही दुधातून, पाण्यातून शरीरात जाणाऱ्या द्रव्यांचा वाटा तुलनेने जास्त असू शकतो. रोंगेलॅपच्या मुलांना पुढे थायरॉइडच्या गाठी आल्या, त्यामागे हे आयोडिन होतं. एकच ‘मात्रेचा नकाशा’ काढून हात झटकू नयेत, ते यासाठी.

जमिनीखालच्या स्फोटांकडे येतो. १९५१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या नेवाडात १.२ किलोटनचे दोन स्फोट दहा दिवसांच्या अंतराने झाले. एक जमिनीपासून मीटरभर वर, दुसरा पाच मीटर खाली. वरच्याने साधारण २७ मीटर रुंदीचा खड्डा पाडला, खालच्याने ७९ मीटरचा. थोडंसं पुरल्याने राख आवरली तर नाहीच, उलट कितीतरी जास्त माती किरणोत्साराच्या संगतीला आली. उथळ पुरलेला स्फोट ढग फार उंच फेकत नाही, पण खड्ड्याभोवती जमिनीलगत धुळीची दाट लाट चहूकडे लोटते, वाऱ्याच्या विरुद्धसुद्धा. ६ जुलै १९६२चा ‘सेडान’ बघा: १०४ किलोटन, १९४ मीटर खोल, खड्डा ३९० मीटर रुंद, आणि ढग मात्र जेमतेम पाच किलोमीटर. एवढ्या शक्तीचा स्फोट जमिनीवर झाला असता तर ढग याच्या कितीतरी वर गेला असता. म्हणून पुरलेल्या स्फोटाला जमिनीवरच्या स्फोटाचं सूत्र लावून चालत नाही. शक्ती तीच, पण स्रोत वेगळा. तरीही सेडानची राख वाऱ्याबरोबर पूर्वेला आयोवापर्यंत पोचली. १५ जानेवारी १९६५ला कझाकस्तानात सोव्हिएत संघाने केलेल्या १४० किलोटनच्या ‘चागान’ स्फोटाचा माग तर थेट जपानच्या हवेत लागला, आणि १९६३च्या करारानुसार देशाबाहेर राख जाता कामा नये या अटीवरून वाद झाला.

मग किती खोल पुरेसं? खोली मीटरमध्ये घ्या, शक्ती किलोटनमध्ये, आणि खोलीला शक्तीच्या घनमुळाने भागा. अमेरिकी चाचण्यांत हा आकडा साधारण १२० असावा असा दंडक होता. चागान ३४ येतो, सेडान ४१. ते खड्डा पाडण्यासाठीच केले होते. १८ मे १९७४चा पोखरणचा स्फोट १०७ मीटर खोलीवर झाला. जाहीर केलेली १२ किलोटन शक्ती धरली तर आकडा ४७. जमीन खचून उथळ खड्डा झाला, तरी लक्षणीय किरणोत्सार बाहेर आल्याची नोंद नाही.

आता १८ डिसेंबर १९७०चा नेवाडातला ‘बेनबेरी’. १० किलोटन, सुमारे २७५ मीटर खोल. आकडा १२८. दंडक पाळलेला होता. तरी साडेतीन मिनिटांनी जमिनीला भेग पडली, काळा लोट वर चढला आणि ८६ कामगारांना किरणोत्सार लागला.

कारण खडकात होतं. स्फोट झाला की खाली वितळलेल्या खडकाची पोकळी तयार होते. भोवतीचा खडक आधी बाहेर दाबला जातो, मग उसळून परत येतो, आणि पोकळीभोवती दाबाचं एक कडं आवळलं जातं. हे कडं आतल्या वायूंना कोंडतं. बेनबेरीच्या जागी पाण्याने भरलेली चिकणमाती निघाली, जिचा अंदाज आधी आला नव्हता. ओली चिकणमाती उसळत नाही, मऊ राहते, म्हणून कडं नीट आवळलं गेलं नाही. शिवाय पाण्याची वाफ झाली, आणि वाफ लवकर निवत नसल्याने आतला दाब टिकून राहिला. जवळच्या भ्रंशरेषेने वाट दिली. पोखरणच्या कोरड्या खडकाने ४७ला जे सांभाळलं ते या चिकणमातीने १२८ला सांभाळलं नाही. त्यानंतर सहा महिने तिथल्या चाचण्या बंद राहिल्या आणि भूगर्भाची तपासणी कितीतरी कडक झाली. आणि म्हणूनच जमिनीखालच्या चाचणीच्या वेळीही वाऱ्याकडे नजर ठेवतात: गळती झाली तर ती कुठे जाईल याचं उत्तर आधी तयार लागतं. अशा गळतीत मातीचे मणी थोडे, वायू आणि आयोडिनच जास्त. म्हणजे इथे पडण्याचा वेग जवळजवळ शून्य धरून, धुरासारखं गणित करावं लागतं. तीच माणसं, तेच संगणक, पण प्रश्न पूर्ण वेगळा.

पावसाबद्दल थोडंच सांगतो. २५ एप्रिल १९५३ला नेवाडात ‘सायमन’ स्फोट झाला. त्याचा ढग उंचावरून देश ओलांडून गेला आणि दुसऱ्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय-ऑल्बनीवर वादळी पाऊस झाला. सकाळी तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे किरणोत्सार मोजणारे गायगर काउंटर वेड्यासारखे वाजायला लागले. स्फोटाची जागा साडेतीन हजार किलोमीटरहून लांब होती. वादळी पाऊस कुठल्या तालुक्यात पडेल हे आपल्याला आजही दोन दिवस आधी नेमकं सांगता येत नाही, त्यामुळे राखेच्या भाकितातला हा भाग कच्चाच आहे.

आज आम्ही एकच नकाशा काढत नाही. वाऱ्याचे थोडे वेगळे तीस-चाळीस अंदाज घेऊन तितके नकाशे काढतो आणि ते एकमेकांवर ठेवतो. जिथे सगळे जुळतात तिथे खात्री, जिथे पंख्यासारखे फाकतात तिथे शंका. एका सरावात एका अधिकाऱ्यांनी मला म्हटलं होतं, ‘पंखा नको, मला एक रेषा द्या, कुठले रस्ते बंद करू ते सांगा.’ त्यांची अडचण खरी होती. पण रेषा दिली असती तर रेषेच्या दहा किलोमीटर बाजूचं गाव निर्धास्त झालं असतं. आम्ही शेवटी तीन गोष्टी दिल्या: राख पोचण्याची सर्वांत लवकरची वेळ, पंख्याच्या दोन कडा, आणि कुठल्या बाजूला नक्की पडणार नाही. बचावकामाला ही तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी पडते. राहता राहिला माणसांचा प्रश्न, तर पंख्यात असलेल्यांनी पहिले चोवीस तास काँक्रीटच्या इमारतीत, खिडक्यांपासून आणि छतापासून दूर, मधल्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत राहावं. सातपटीचा नियम तेवढ्या वेळात आपलं काम करतो. नकाशा चुकला तरी हा सल्ला चुकत नाही.

तुमच्या मुलांना करून पाहायला एक काम देतो. वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सांताक्रूझच्या फुग्याच्या जुन्या नोंदी फुकट मिळतात, केंद्राचा क्रमांक ४३००३. जुलैचा एक दिवस घ्या, जानेवारीचा एक दिवस घ्या. प्रत्येक दोन किलोमीटरचा वारा आलेखाच्या कागदावर बाणाने जोडा, १६ किलोमीटरपर्यंत. वेधशाळा वारा कुठून येतो ते लिहिते, आपल्याला कुठे जातो ते हवं, तेव्हा प्रत्येक कोनात १८० अंश मिळवायला विसरू नका. निम्मी मुलं इथेच चुकतात, पूर्वी मीही चुकलोय. जानेवारीची साखळी पूर्वेकडे लांबलचक ताणलेली दिसेल, जुलैची स्वतःवरच दुमडलेली. मग १०० मायक्रॉनच्या कणाने प्रत्येक थरात किती सेकंद घालवले ते मांडा आणि पडण्याची जागा काढा. दोन्ही कागद फोटो काढून पाठवा, मी तपासून देतो.